घट्ट बसावें, पण सुटावें

सायकलीची निगा म्हटली म्हणजे चाकांत हवा भरणें, साखळीला तेल देणें आणि ब्रेकचे रबर पाहणें एवढ्याच गोष्टी आपल्या डोळ्यांपुढें येतात. या सर्व हलणाऱ्या भागांच्या गोष्टी झाल्या, आणि हलणारे भाग आपलें दुखणें आपणच बोलून दाखवितात. साखळी कुरकुरते, ब्रेक किंचाळतो, हवा कमी झाली कीं पायांत गोळे येतात. मला आज बोलावयाचें आहे तें न हलणाऱ्या भागांविषयीं. बैठकीची दांडी सांगाड्याच्या नळींत मुकाट्यानें उभी असते. पेडलचा आंस क्रँकच्या टोंकांत मुकाट्यानें रुतलेला असतो. तेथें कांहीं घडत असेल अशी शंकाहि वर्षानुवर्षें कोणाला येत नाहीं. ज्या दिवशीं ते भाग सोडविण्याची वेळ येते, त्या दिवशीं कळतें कीं मधल्या काळांत तेथें पुष्कळच घडून गेलें आहे.

पुष्कळ घरांत असें होतें. वडिलांची सायकल जिन्याखालीं उभी असते. सांगाडा सरळ, चाकें नीट, रंग थोडासा उडालेला. मुलगी कॉलेजांत जाऊं लागली, तिला ती सायकल द्यावयाचें ठरतें. वडील उंच, मुलगी ठेंगणी. तेव्हां बैठक तेवढी चार बोटें खालीं आणली म्हणजे काम झालें. कमरपट्टीचा बोल्ट सैल करतात, बैठक धरून पिळतात, पण ती तसूभरहि हलत नाहीं. मग घरांतील सर्वांत बलदंड माणूस पुढें होतो. मग हातोडी येते. शेवटीं सायकल दुकानांत जाते, आणि कारागीर एकदां दांडीकडे व एकदां आपल्याकडे पाहून मान हलवितो. कधीं कधीं त्याच्या खटपटीला यश येतें; पण कधीं दांडी पिळवटून तुटते, कधीं सांगाड्याची नळीच चिरते, आणि चाळीस वर्षें चालूं शकणारी वस्तु चार बोटांच्या फरकासाठीं भंगारांत जाते. हें सर्व टाळण्यास जो पदार्थ लागला असता तो सुपारीएवढा होता. त्याला इंग्रजींत अँटी-सीझ कंपाउंड म्हणतात. आपण त्याला जखडरोधक लेप म्हणूं, किंवा नुसता लेप म्हणूं.

आधीं दुखणें काय आहे तें पाहूं. पोलादाच्या नळींत पोलादाची दांडी असली तर पाणी आणि हवा मिळून दोहोंवर गंज चढतो, हें सर्वांना ठाऊक आहे. पण गंज हा नुसता तांबडा रंग नव्हे. ज्या लोखंडापासून तो झाला त्याच्या दुपटीहून अधिक जागा तो अडवितो. दांडी आणि नळी यांच्यामध्यें जागा मुळीं नसतेच म्हटलें तरी चालेल. या दांड्या दोन दशांश मिलिमीटरच्या फरकानें निरनिराळ्या मापांत विकल्या जातात, यावरून त्या किती नेमक्या बसाव्या लागतात याची कल्पना येईल. अशा फटींत गंज वाढला म्हणजे तो पाचरीचें काम करतो, आणि ही पाचर एका बाजूनें नव्हे तर चहूं बाजूंनीं ठोकलेली असते.

दांडी ॲल्युमिनियमची असली म्हणजे गंजाची भीति नाहीं, असें पुष्कळ लोक समजतात. ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाहीं हें खरें. पण त्याचें पांढरें ऑक्साइड होतें, आणि तेंहि मूळ धातूच्या सुमारें सव्वापट जागा घेतें. त्यांत पाण्याचा अंश मिसळला तर त्याहून अधिक. यावर आणखी एक उपद्रव असा कीं, दोन भिन्न धातु ओल्या जागेंत एकमेकांस टेकले म्हणजे त्यांचा एक लहानसा विद्युत्-घटच तयार होतो. इटलींतील व्होल्टा या शास्त्रज्ञानें १८०० सालीं जस्ताच्या व चांदीच्या चकत्या एकाआड एक रचून, मध्यें मिठाच्या पाण्यांत भिजविलेले कापडाचे तुकडे घालून, वीज निर्माण करून दाखविली. आपल्या सायकलीच्या नळींत तोच प्रयोग रात्रंदिवस चालूं असतो. फक्त त्या विजेचा कोणाला उपयोग होत नाहीं, आणि तिची किंमत दोहोंपैकीं एका धातूला आपल्या अंगानें भरावी लागते. कोणत्या धातूनें भरावयाची याचा क्रम ठरलेला आहे. जस्त, ॲल्युमिनियम, लोखंड, तांबें, न गंजणारें पोलाद, टायटेनियम असा तो साधारणपणें चढत जातो, आणि अगदीं वरच्या टोंकाला ग्रॅफाइट म्हणजे कार्बन बसतो. ज्या दोघांची गांठ पडेल त्यांतला खालचा झिजतो. म्हणून पोलादी सांगाड्यांत ॲल्युमिनियमची दांडी झिजून फुगते. आणि म्हणूनच लाखाच्या घरांत किंमत असलेल्या कार्बनच्या सांगाड्यांतहि ॲल्युमिनियमचे भाग जखडतात. कार्बन हा धातु नसला तरी वीज वाहून नेतो, हें त्या सायकली घेणाऱ्यांना कोणी सांगत नाहीं.

या घटाला लागणारें खारें पाणी आपल्याकडे सहज मिळतें. मुंबई, रत्नागिरी, पणजी येथें तें हवेंतच आहे. पुण्याला समुद्र नाहीं, पण पावसाळ्यांत मागच्या चाकाचा फवारा थेट बैठकीच्या नळीच्या चिरेवर बसतो, आणि तेथून पाणी आंत उतरतें. ज्यांनीं पावसाला भिऊन घरांतल्या घरांत एका जागीं सायकल चालविण्याचें यंत्र घेतलें आहे, त्यांनींहि निर्धास्त राहूं नये. कपाळाचा घाम टपटप हँडलच्या मानेवर पडत असतो, आणि घामांत मीठ असतेंच.

या रोगाची जुनी आणि मोठी हकीकत एका लढाऊ जहाजाची आहे. ब्रिटिश आरमारानें १७६१ सालीं ‘अलार्म’ नांवाच्या जहाजाच्या तळाला, लांकूड पोखरणारे किडे लागूं नयेत म्हणून, तांब्याचे पत्रे ठोकले. जहाज वेस्ट इंडीज बेटांकडे जाऊन सुमारें दोन वर्षांनीं परत आलें तेव्हां कित्येक ठिकाणीं पत्रे सुटलेले आढळले. तांबें शाबूत होतें. तें ज्या लोखंडी खिळ्यांनीं ठोकलें होतें ते खिळे झिजून गेले होते. पण गंमत अशी कीं, कांहीं खिळे चांगले राहिले होते. पत्रे ज्या तपकिरी कागदांत गुंडाळून आले होते, त्या कागदाचा तुकडा या खिळ्यांच्या आणि तांब्याच्या मध्यें अडकून राहिला होता. व्होल्टाचा घट निघण्यास अजून जवळजवळ चाळीस वर्षें होतीं. कारण कोणाला नीट ठाऊक नव्हतें, पण उपाय मात्र डोळ्यांना दिसला. दोन धातूंच्या मध्यें कांहीं तरी ठेवा, पाणी आंत जाऊं देऊं नका. आपला लेप म्हणजे त्या कागदाच्या तुकड्याचाच वंशज समजावयास हरकत नाहीं.

जखडण्याचा आणखी एक प्रकार आहे, त्याला पाणीहि लागत नाहीं. न गंजणारें पोलाद आणि टायटेनियम यांच्या अंगावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. त्यांचें सारें तेज त्या पापुद्र्यामुळें. अशा धातूचा बोल्ट कोरड्या आट्यांत जोरानें फिरविला तर पापुद्रा खरवडला जातो, उघडा धातु उघड्या धातूला भिडतो, आणि भट्टीवांचूनच डांक लागल्यासारखा चिकटतो. असा बोल्ट बसवितांनाच अर्ध्यावर अडतो आणि मग पुढें जात नाहीं कीं मागें येत नाहीं. टायटेनियमच्या आट्यांना लेपावांचून हात लावूं नये असें जाणते कारागीर म्हणतात तें यासाठीं.

आतां हा लेप म्हणजे आहे काय? दाट ग्रीसमध्यें एखाद्या मऊ धातूची किंवा खनिजाची अत्यंत बारीक पूड कालवलेली असते. पूड तांब्याची असेल तर लेप तांबूस दिसतो; ॲल्युमिनियमची किंवा निकेलची असेल तर रुपेरी. बहुधा जोडीला ग्रॅफाइट किंवा मॉलिब्डेनमचें एक काळें संयुग असतें. ग्रीसचें काम पूड जागेवर नेऊन पोंचविण्याचें आणि पाणी बाहेर ठेवण्याचें. पुढें दिवस गेले, ग्रीस वाळलें, कांहीं धुपून गेलें, तरी पूड आट्यांच्या खोबणींत राहते आणि दोन पृष्ठभागांना एकमेकांस भिडूं देत नाहीं. ही कल्पना कांहीं आजची नव्हे. जुने यांत्रिक सफेता आणि चरबी घोटून तो लगदा आट्यांना लावीत असत, आणि आगगाडीच्या कारखान्यांतील लोकांना तो चांगला परिचयाचा होता. सफेता म्हणजे शिशाचें विष. तो आतां कोणी वापरूं नये.

डब्यावरचा मजकूर वाचून मात्र दबून जाऊं नये. हा लेप मुळांत भट्ट्या, इंजिनें आणि जहाजें यांच्यासाठीं निघाला, आणि तांब्याचा लेप हजार अंशांच्या आसपास उष्णता सोसतो असें त्यावर मोठ्या अभिमानानें छापलेलें असतें. आपली सायकल भट्टींत घालावयाची नाहीं. तेव्हां त्या आंकड्यासाठीं जास्त पैसे मोजण्याचें कारण नाहीं.

येथें कोणी विचारील कीं साध्या ग्रीसनें भागणार नाहीं काय? भागतें. हें मी लेप विकणाऱ्याच्या तोंडावरहि म्हणेन. जो माणूस दर वर्षीं सांधा उघडून, पुसून, नवें ग्रीस लावतो त्याला लेपाची गरज जवळजवळ नाहीं. जुन्या काळ्या सायकलींत सारें पोलादच असे, आणि चांगलें ग्रीस एवढ्याच आधारावर त्या दोन दोन पिढ्या चालल्या. पण असा माणूस शंभरांत एखादा. ज्या सांध्याला आपण पांच पांच वर्षें हात लावणार नाहीं, जेथें दोन भिन्न धातूंची गांठ आहे, किंवा जेथें टायटेनियम आहे, तेथें ग्रीसच्या मानानें लेप किती तरी अधिक काळ टिकतो. आळशी माणसाला लेप अधिक उपयोगी, असें म्हटलें तरी चालेल, आणि आपण सगळे त्याच वर्गांत मोडतों.

नभोवाणीवरून हातांत पाना घेऊन दाखवितां येत नाहीं, म्हणून बैठकीच्या दांडीचें काम थोडें विस्तारानेंच सांगतों. दुकानांत तिला सीट-पिलर म्हणतात. प्रथम दांडीवर सांगाड्याच्या कांठाशीं चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे आपली उंची हरवणार नाहीं. मग कमरपट्टी सैल करून दांडी पिळत पिळत वर काढा. तिच्यावरची पांढरी किंवा तांबडी पूड आणि जुनें काळें ग्रीस कोरड्या फडक्यानें पुसा. चिकटून राहिलें असेल तें घांसलेटनें. मग दुसरें फडकें काठीला गुंडाळून नळीच्या आंतूनहि फिरवा. तेथून जें निघतें तें पाहून पुष्कळांना पश्चात्ताप होतो. सायकल उलटी करून आंत सांचलेलें पाणी निथळूं द्या. क्रँकचा आंस ज्या आडव्या नळींत फिरतो तिच्या तळाला कित्येक सांगाड्यांत एक लहान छिद्र असतें; तें पाणी जाण्यासाठींच असतें, आणि बहुधा चिखलानें बुजलेलें असतें. तें तारेनें मोकळें करा. एवढें झाल्यावर नळीच्या आंत बोटभर खोलीपर्यंत आणि दांडीचा जेवढा भाग आंत जावयाचा तेवढ्यावर लेपाचा पातळ थर द्या. पातळ म्हणजे धातूचा रंग झांकावा इतकाच. दांडी खुणेपर्यंत बसवा, कांठाशीं जो लेप वर येईल तो पुसून टाका; राहिला तर तो धूळ धरतो आणि विजारीला लागतो, आणि विजारीचा डाग कशानेंहि जात नाहीं. दांडीवर एक आडवी रेघ कोरलेली असते. ती नेहमीं नळीच्या आंतच राहिली पाहिजे; उंचीच्या मोहानें ती बाहेर काढली तर दांडी वांकते किंवा नळी चिरते.

पेडलचे आटे हें दुसरें महत्त्वाचें ठिकाण. उजव्या पेडलचे आटे नेहमींचे, आणि डाव्याचे उलटे. पेडल फिरतांना त्याच्या आंसावर जो सूक्ष्म घोळ चालतो त्यामुळें डावें पेडल नेहमींच्या आट्यांवर असेल तर हळूहळू सुटूं लागतें. उलटे आटे पाडले म्हणजे तोच घोळ त्याला बसवूं पाहतो. पुढें विमानामुळें जगप्रसिद्ध झालेले राइट बंधु डेटन गांवीं सायकली बनवीत असत, आणि १९०० सालीं त्यांनीं आपल्या सायकलीच्या जाहिरातींत डाव्या पेडलच्या या उलट्या आट्यांचा मुद्दाम उल्लेख केला होता. आजहि डावें पेडल सोडवितांना दर दहा माणसांतील नऊ माणसें तें अधिकच आवळतात. म्हणून एवढें लक्षांत ठेवावें: क्रँकची दांडी पुढें आडवी करून पाना पेडलच्या आंसावर वर उभा धरा, उजवीकडे असो कीं डावीकडे, पान्याचें वरचें टोंक मागच्या चाकाकडे ओढलें म्हणजे पेडल सुटतें, आणि पुढच्या चाकाकडे ढकललें म्हणजे बसतें. क्रँक बहुधा ॲल्युमिनियमची आणि पेडलचा आंस पोलादाचा, म्हणजे पुन्हां तीच दोन धातूंची गांठ. क्रँकमधले आटे एकदां उपटून आले कीं क्रँक गेली. येथें लेपाला चुकूं नये.

मागच्या चाकावर आट्यांनीं बसणारें फ्रीव्हील असेल तर त्याच्या आट्यांनाहि लेप अवश्य लावावा. हा एक असा सांधा आहे कीं आपण दर पायागणिक तो अधिक आवळीत असतों. पांच वर्षें चढ चढल्यावर तो सोडविण्यास पोटऱ्यांइतकाच जोर दंडांत असावा लागतो, आणि तो कोणाच्याच दंडांत नसतो. क्रँकच्या आंसाच्या दोन बाजूंच्या वाट्या आणि जुन्या तऱ्हेचें हँडल ज्या खुंटीवर सांगाड्यांत उतरतें ती खुंटी, हींहि त्याच वर्गांतलीं ठिकाणें. पाण्याच्या बाटलीच्या पिंजऱ्याचे दोन बारीक स्क्रू, मडगार्डचे स्क्रू, यांना काडीच्या टोंकानें ठिपका पुरे.

कोठें लावूं नये हें सांगणें मला अधिक महत्त्वाचें वाटतें, कारण लेपाचा डबा घरांत आला म्हणजे हात शिवशिवूं लागतात. ब्रेकच्या रबराजवळ, चाकाच्या धांवेवर किंवा डिस्क-ब्रेकच्या तबकडीजवळ तो फिरकूं देऊं नये. डिस्क-ब्रेकच्या पट्ट्यांना बोटाचा लेप लागला तर त्या बहुतेक फेंकूनच द्याव्या लागतात, आणि हें न कळतां कोणी घाट उतरूं लागला तर पट्ट्यांच्या किमतीचा विचार करावयास तो राहील कीं नाहीं याची शंका आहे. साखळीला तो चालत नाहीं. धातूची पूड साखळीच्या सांध्यांत वाळूसारखी जमते. गोळ्यांच्या बेअरिंगला साधें ग्रीसच हवें. कार्बनच्या दांडीला हा लेप लावला तर ती घसरूं लागते, मग माणूस कमरपट्टी अधिक आवळतो आणि कार्बन चिरडतो. त्यासाठीं उलट बारीक कणांमुळें घर्षण वाढविणारा वेगळाच लेप मिळतो. डिस्कच्या तबकडीचे आणि ब्रेकच्या जबड्याचे बोल्ट सुटूं नयेत म्हणून त्यांना बहुधा आटे धरून ठेवणारा द्रव, म्हणजे थ्रेडलॉकर, लावतात. तो आणि आपला लेप हे एकमेकांचे उघड शत्रु आहेत. एकाच बोल्टाला दोन्ही लावणारे लोक असतात, आणि त्यांचा कोणताच हेतु साधत नाहीं. जुन्या सायकलीच्या कॉटरच्या पाचरीला मी तेलाचें बोट पुसण्यापलीकडे कांहीं लावीत नाहीं. चाकाच्या तारांविषयीं तर चाकें बांधणाऱ्यांची जुनी रीत फार सुबक आहे: ते तारेच्या आट्यांना जवसाचें उकळलेलें तेल लावतात. ओलें असतां तें वंगण होतें आणि वाळल्यावर डिंकासारखें धरून ठेवतें.

रंग कोणता घ्यावा? टायटेनियमसाठीं तांब्याचा लेप रूढ आहे. ॲल्युमिनियमच्या सांध्यासाठीं, विशेषतः किनाऱ्यावर राहणाऱ्यांनीं, ॲल्युमिनियमच्या पुडीचा किंवा मुळींच धातु नसलेला लेप घ्यावा असें माझें मत आहे. तांबें आणि ॲल्युमिनियम मघांच्या क्रमांत एकमेकांपासून बरेच दूर आहेत. तांबड्या लेपानें कांहीं सायकली बिघडल्या नाहींत असें अनुभवी लोक म्हणतात, आणि तेंहि खोटें नाहीं, कारण ग्रीस पाणी आंत येऊं देत नाहीं तोंवर घट चालतच नाहीं. पण नवीन आणावयाचाच असेल तर शत्रूच्या गोटांतला कशाला आणावा? कोणताहि असो, हातांत रबरी मोजे घालावे. निकेलची पुष्कळांच्या कातडीला बाधा होते, आणि ही पूड नखांतून काढणें हें मूळ कामापेक्षां मोठें काम आहे. माखलेलीं फडकीं मोरींत धुवूं नयेत.

आतां एक धोका. बोल्ट आवळतांना आपण जो पीळ देतों त्याचा हिशेब यंत्रशास्त्रज्ञांनीं मांडला आहे. शंभर भाग जोर लावला तर ढोबळमानानें पन्नास भाग बोल्टाच्या डोक्याखालच्या घर्षणांत जातात, चाळीस आट्यांच्या घर्षणांत. आणि बोल्ट ताणून दोन भाग घट्ट धरण्याचें जें खरें काम, त्याच्या वांट्याला जेमतेम दहा येतात. लेप लावला म्हणजे घर्षणाचा वांटा घटतो आणि उरलेलें सारें ताणाकडे वळतें. कोरड्या आट्यांसाठीं हिशेबांत जो गुणक ०.२० धरतात तो वंगण दिल्यावर ०.१५ च्या आसपास येतो. म्हणजे हाताला जोर तितकाच वाटला तरी बोल्टावर ताण एक-तृतीयांशानें अधिक पडतो. लहान बोल्ट यानें तुटतात, आणि ॲल्युमिनियममधले आटे उपटतात. लेप नीट लागला तरी सायकल बिघडते ती येथें. म्हणून लेप लावलेला बोल्ट नेहमींच्या संवयीनें शेवटचा हिसका देऊन आवळूं नये. पीळ मोजणारा पाना असेल तर कारखान्यानें दिलेला आंकडा कोरड्या आट्यांचा आहे कीं वंगणाचा हें पाहावें. कोरड्याचा असेल तर थोडा कमी धरावा. कमरपट्टीच्या बारीक बोल्टाला बहुधा पांच-सहा न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे लहान पाना दोन बोटांत धरून येईल तेवढाच जोर. पेडलला पस्तीस ते चाळीस लागतात. वीतभर पान्याच्या टोंकाला अठरा-वीस किलोचें वजन टांगल्यासारखा तो जोर असतो.

ज्यांची दांडी आधींच जखडली आहे ते एव्हांना अधीर झाले असतील. त्यांनीं प्रथम हातोडी ठेवून द्यावी. झिरपणारें तेल कांठाशीं सोडावें, सायकल उलटी करून आंतूनहि सोडावें, आणि तीन-चार दिवस, दिवसांतून दोनदां, तेंच करीत राहावें. नंतर दांडी वर ओढण्याऐवजीं पिळण्याचा प्रयत्न करावा. एक केसभर फिरली कीं जिंकलें. दांडी ॲल्युमिनियमची आणि सांगाडा पोलादाचा असेल तर उष्णता देण्यापेक्षां थंडी द्यावी, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकुंचन पावतें आणि तापविलें तर तितकेंच अधिक फुगतें. दांडी पोकळ असली तर बैठक काढून तिच्यांत बर्फाचा चुरा भरतां येतो. पन्नास अंशांच्या फरकानें सुद्धां फट मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांनींच वाढते. पण गंजाची पकड मोडण्यास कधीं कधीं तेवढ्यानें भागतें. कॉस्टिक सोड्यानें ॲल्युमिनियमची दांडी विरघळवितां येते आणि पोलाद शाबूत राहतें हें खरें आहे. परंतु त्यांतून ज्वालाग्राही वायु निघतो, द्राव उकळून उडतो, आणि डोळ्यांत गेला तर डोळा जातो. तें काम घरांत करूं नये, आणि सांगाडा ॲल्युमिनियमचा असेल तर दांडीबरोबर सांगाडाहि विरघळेल. बर्फानें काम झालें नाहीं तर चांगल्या कारागिराकडे जावें, आणि दांडी कापून काढण्याची मजुरी घासाघीस न करतां द्यावी. नळीला इजा न करतां आंतून करवत चालविणें हें तासांचें काम आहे.

हें सारें केव्हां करावें? वर्षांतून दोनदां जमलें तर उत्तम: एकदां मृगाच्या आधीं, आणि एकदां पाऊस ओसरल्यावर. दुसऱ्या वेळेसाठीं आपल्याकडे मुहूर्त आयताच आहे. खंडेनवमीला आपण सायकल धुतों, पुसतों, हँडलला झेंडूची माळ घालतों. त्या दिवशीं माळ घालण्यापूर्वीं बैठकीची दांडी एकदां बाहेर काढावी आणि दोन्ही पेडलें एक फेरा सोडवून परत बसवावीं. अर्ध्या तासापेक्षां अधिक वेळ लागत नाहीं. लेप मुबलक असला तर सांधा आपोआप सुटतोच असें नाहीं. वर्षांतून एकदां हलविलेला सांधा कोरडा असला तरी बहुधा सुटतो. लेपाची लहान नळी एका घराला कित्येक वर्षें पुरते, म्हणून इमारतींतील चार बिऱ्हाडांनीं मिळून एकच आणली तरी चालेल. ती उभी ठेवावी, कारण तेल वर येऊन पूड तळाशीं बसते, आणि वापरण्यापूर्वीं दाबून दाबून कालवावी. झांकण मात्र नीट पुसून लावावें, नाहीं तर ज्याच्या घरीं ती नळी राहील त्याच्या सबंध कपाटाला तांब्याचा मुलामा चढेल.